मानकापूरच्या ट्रॅकवर लेकीची ८०० मीटर

आज सकाळी मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात लेकीची शर्यत होती. आजी, धाकटा, हे आणि मी, सगळेच गेलो. नागपूरची थंडी अशी की आजीची शाल लेकीने शेवटच्या मिनिटापर्यंत सोडली नाही.

८०० मीटर म्हणजे ट्रॅकच्या दोनच फेऱ्या, पण मला ही शर्यत सगळ्यांत कठीण वाटते. पहिल्या वळणापर्यंत आपापली लेन, मग सगळ्याजणी आत येतात आणि कोपराला कोपर लागतो. तिथे घाबरली की मागे पडली! दुसऱ्या फेरीत तर पाय दगड होतात. डेव्हिड रुडिशाने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १:४०.९१ चा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचीही दुसरी फेरी पहिलीपेक्षा संथच होती. मग आमच्या पोरीचं काय सांगावं!

शेवटच्या फेरीची घंटा वाजली आणि आजी कठड्याला धरून उभ्याच राहिल्या. "धाव माय, धाव वं!" आजूबाजूचे अनोळखी पालकही ओरडायला लागले. लेक पाचवीवरून चौथी आली. पदक नाही, पण स्वतःची आजवरची सर्वोत्तम वेळ.

पालकांनो, एक कळकळीची विनंती. पोर रेषा ओलांडून आलं की लगेच "कितवा नंबर?" विचारू नका. आधी त्याला थोडं चालू द्या, श्वास खाली बसू द्या, पाणी द्या. आज एक मुलगी धापा टाकत रडत होती आणि वडील तिला चुका सांगत होते. फार वाईट वाटलं.

येताना तर्री पोहे खाल्ले. लेकीने दुसरी प्लेटही मागितली. परवापासून पुन्हा सराव.