उपचार झाले, आता तिने राहायचं कुठे?

पाच आठवड्यांचा उपचार संपवून एखादा पुरुष व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडतो, तेव्हा दारात त्याची आई असते, बायको असते, कधी मेहुणाही रिक्षा थांबवून उभा असतो. घरी गेल्यावर महिनाभर त्याला कुणी काही बोलत नाही. बाईच्या वाट्याला हे येत नाही. न्यायला आलेला भाऊ रस्त्यातच विचारतो, "आता पुढे काय करणार आहेस?" दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी भरायला तीच उठते. आणि कित्येकींना न्यायला कुणी येतच नाही.

पुण्यात धानोरीला आम्ही काही जणींनी मिळून भाड्याचा एक टू बीएचके घेतला आहे. उपचार पूर्ण केलेल्या बायका तिथे साधारण सहा महिने राहतात. एका वेळी सहा जणी. त्या घराचं रोजचं काम मी बघते. याआधी मी एका शाळेत क्लार्क होते. या कामाकडे वळले ती माझ्या थोरल्या बहिणीमुळे. ताई उपचार घेऊन दोनदा बरी झाली आणि दोन्ही वेळा परत प्यायली. "हिच्यातच जिद्द नाही" असं सगळे म्हणाले. ती परत कुठल्या घरात गेली होती, हे कुणी बघितलं नाही. तिथे रोज रात्री आठ वाजता भाऊजींची क्वार्टर उघडायची आणि चकण्याचे शेंगदाणे ताईलाच भाजून द्यावे लागायचे. ताई आता नाही.

पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. बायकांसाठी त्यांचा स्वतंत्र 'निशिगंध' विभाग २००९ साली झाला. मध्ये २३ वर्षं गेली. बाईला उपचाराला घेऊन यायलाच कुणी तयार नसायचं. केंद्र सरकारच्या २०१९च्या सर्वेक्षणात दारू पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २७.३ टक्के आहे आणि बायकांचं १.६ टक्के. हा आकडा लहान दिसतो, पण देशाच्या लोकसंख्येत तो ८०-९० लाखांच्या घरात जातो. त्या सगळ्या व्यसनी नाहीत, हे खरं. पण दारात कागद घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला, आत सासू बसलेली असताना, कुठली बाई खरं सांगेल?

बाईचं शरीरही लवकर हरतं. तिच्या अंगात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातलं प्रमाण जास्त चढतं आणि लिव्हरही लवकर बिघडतं. दारू एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली शरीरातली दारू उतरल्याशिवाय आम्ही कुणालाही घरात घेत नाही.

घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्ही बँकेत जातो. बहुतेकींच्या खात्याला नवऱ्याचा मोबाइल नंबर जोडलेला असतो. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये तिच्या नावावर येतात, पण मेसेज त्याच्या फोनवर आणि एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात. सोलापूरची एक होती. काउंटरवर नंबर बदलायचा फॉर्म भरताना 'मोबाइल क्रमांक' लिहायच्या रकान्यापाशी तिचा हात थांबला. दहा आकडे तिला पाठ होते, पण ते नवऱ्याचे. नवीन सिमचा नंबर तिने ब्लाउजमधल्या चिठ्ठीवरून एकेक आकडा बघून उतरवला, मग पुन्हा पडताळला. पासबुक छापून मिळालं तेव्हा कळलं, मागचे सगळे हप्ते आले त्याच दिवशी काढले गेले होते. ती काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "ताई, मला वाटायचं, माझा अर्जच नामंजूर झाला."

अशा बाईला "मनावर ताबा ठेव" सांगून काय उपयोग? आधी पैसा तिच्या हातात यायला हवा.

सगळ्यात वाईट वेळ संध्याकाळी सहा ते आठ. पूर्वी त्याच वेळी प्यायची सवय होती, त्यामुळे तलफ येते ती तेव्हाच. म्हणून त्या दोन तासांत कुणी एकटीने खोलीत बसायचं नाही, असा आमचा नियम आहे. एक कणीक मळते, एक भाजी चिरते, एक मेथी निवडत मोठ्याने पेपर वाचते. आठवड्यातून दोनदा सगळ्या व्यसन सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जातात. खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या, हँड सॅनिटायझर यातलं काही घरात मोकळं ठेवत नाही, आणि हे नियम माझ्या बॅगेलाही लागू आहेत.

आमच्याकडे एक सिस्टर होती. वॉर्डात काम करता करता पेंटाझोसीन या वेदनाशामक औषधाची इंजेक्शनं स्वतःला टोचायला लागलेली. तिचं काम उत्तम, शिक्षण चांगलं, पण औषधांच्या कपाटाची किल्ली पुन्हा तिच्या हातात देणं म्हणजे तिला ढकलणंच. नर्सिंग सोडून दुसरं काय करायचं, हे तिला ठरवायला चार महिने लागले. आता ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. पगार निम्मा आहे. ते चार महिने कुठल्या नातेवाइकाने तिला दिले असते?

स्लिप झाली, म्हणजे एखादी परत प्यायली, तर काय करायचं, यावर आमच्यात खूप वाद झाले. कडक नियम असलेल्या ठिकाणी त्याच रात्री बाहेर काढतात. मला ते पटत नाही. पुरुष रात्री दहाला प्यायलेल्या अवस्थेत रस्त्यावर आला तर फुटपाथवर झोपेल; बाईचं काय होईल, हे मी लिहायची गरज नाही. पण बाकीच्या पाच जणींचा विचारही करावाच लागतो, वास आला तरी त्यांची झोप उडते. शेवटी असं ठरलं, की त्या रात्री तिला बाहेरच्या खोलीत झोपवायचं, मी शेजारी झोपायचं, आणि सकाळी तिच्यासोबत डॉक्टरांकडे जायचं. तिथून ती परत उपचाराला जाते. जागा आम्ही महिनाभर राखून ठेवतो. तिची पेटी कुणी हलवत नाही.

रविवारी नवरे येतात. काही चांगले असतात, फॉलोअपलाही बायकोबरोबर बसतात. काही मुलाला पुढे करतात, "आईला सांग घरी चल म्हणून." सहा वर्षांच्या पोराने पदर धरल्यावर आई सहा महिने पुरे करेल, अशी अपेक्षा ठेवणं क्रूरपणाचं आहे. अर्धवट सोडून गेलेल्या बहुतेक जणी मुलांसाठी गेल्या. त्यांना मी दोष देत नाही. सरकारी योजनेतल्या एका निवाऱ्यात मी अशाच एकीसाठी फोन केला होता. मूल चालेल म्हणाले, व्यसन ऐकल्यावर नाही म्हणाले. आणि व्यसनावर उपचार करणाऱ्या ठिकाणी मुलाची सोय नाही. मूल आणि व्यसन दोन्ही असलेल्या बाईला आजघडीला मी कुठलाच पत्ता देऊ शकत नाही.

म्हणून आम्हाला दुसरं घर हवं आहे, आई आणि मुलांसाठी. धानोरी, विश्रांतवाडी, कळस किंवा टिंगरेनगर, शक्यतो तळमजला, जवळ महापालिकेची शाळा. भाडं वेळेवर देतो, पोलीस व्हेरिफिकेशन आम्हीच करून देतो. आतापर्यंत बघितलेल्या घरांचे मालक "फक्त बायका राहणार?" इथे अडले, तर काही "कसल्या बायका?" इथे. मी दोन्ही प्रश्नांना खरं उत्तर देते. ते ऐकूनही घर द्यायची तयारी असेल तर कळवा, मी त्याच दिवशी बघायला येते. आणि तुमच्याच घरात कुणी असेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत. फोन केल्यावर केंद्राचा पत्ता विचाराल, तेव्हाच हेही विचारा, की उपचार संपल्यावर ती राहणार कुठे.