रेघा नसलेला अंगठा

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. सकाळी पेपर वाचणारी म्हातारी माणसं, दुपारी स्पर्धा परीक्षेची मुलं आणि कोपऱ्यात चार कॉम्प्युटर. मी इथली ग्रंथपाल.

गेल्या नोव्हेंबरात एक अम्मा नातीला घेऊन आल्या. नात आमचीच वाचक. अम्मांनी कॅरीबॅग टेबलावर उपडी केली. आधार कार्ड, पासबुक, घडीवर फाटलेला पीपीओचा, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा कागद. हयातीचा दाखला न गेल्यामुळे पेन्शन थांबलं होतं. दोन ठिकाणी अंगठा लावून झाला होता.

"मी जित्ती हाय, पण मशीनला पटंना बघा, ताई."

मी त्यांचा हात हातात घेतला. चाळीस वर्षं रोज हजारभर विड्या वळलेला हात. अंगठ्याचं आणि त्याशेजारच्या बोटाचं कातडं पार गुळगुळीत झालेलं, रेघ म्हणून उरली नव्हती. मशीनला ठसा मिळणार कुठून?

डिजिटल हयातीचा दाखला, 'जीवन प्रमाण', 2014 पासून आहे; 2021 पासून तो चेहरा दाखवूनही काढता येतो. हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. पेन्शन ते केवढं! ईपीएस-95 चं, म्हणजे 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेचं, किमान पेन्शन महिना 1000 रुपये. पण त्यांची औषधं त्यातूनच येत होती.

'जीवन प्रमाण' आणि चेहरा ओळखणारं 'आधार फेस आरडी', ही दोन्ही अ‍ॅप मी नातीच्याच फोनवर घ्यायला लावली. मी करून दिलं असतं तर पुढच्या वर्षी पुन्हा कुणाच्या तरी दारात उभं राहणं आलंच. आधी अ‍ॅप चालवणारी म्हणून नातीचा चेहरा, मग अम्मांचा आधार नंबर, ओटीपी, पीपीओ नंबर. ओटीपी आला तशी अम्मांनी तो मोठ्यानं वाचायला सांगितला. मी थांबवलं. "अम्मा, हा आकडा घराच्या किल्लीसारखा. फोनवर कुणी मागितला तर द्यायचा नाही."

चेहरा दोनदा नापास झाला. ट्यूबलाइटचा उजेड पुरत नव्हता, आणि अम्मा फोटो काढताना बसतात तशा श्वास रोखून, डोळे ताणून बसलेल्या. अ‍ॅपला तर पापणी लवलेली हवी असते. पेपरच्या स्टँडजवळची खुर्ची खिडकीत घेतली, चष्मा काढायला लावला. नात तेलुगूत काहीतरी म्हणाली, अम्मा हसल्या, पापण्या लवल्या आणि काम झालं. दाखल्याचा नंबर नातीनं वहीत उतरवून घेतला. ईपीएसचा दाखला जमा केल्यापासून वर्षभर चालतो, म्हणून शेजारी तारीखही लिहिली.

वाचनालयात इंटरनेट का, असं काही सभासद अजून विचारतात. अंगठा लावायच्या केंद्रावर रांग असते, तिथल्या माणसाकडं वेळ नसतो. तिसऱ्यांदा करून बघायला खुर्ची आणि निवांतपणा लागतो, तो आमच्याकडं आहे.

दुसऱ्या दिवशी अम्मा गल्लीतल्या सहाजणींना घेऊन आल्या. मी उठेपर्यंत नातीनं खुर्ची खिडकीत नेऊन ठेवली होती.