काळ्या मातीत चालणारी आरसी कार: स्टिअरिंगचा सर्व्हो बदलताना

आरसी म्हणजे रिमोटवर चालणारी गाडी मातीत नीट वळत नसेल, तर नवा सर्व्हो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर) मागवण्याआधी एक तपासणी करा. गाडी घरातल्या गुळगुळीत फरशीवर न ठेवता जिथं चालवता त्याच मातीत चारी चाकं टेकवून ठेवा, स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवा आणि सर्व्होच्या हॉर्नकडं (शाफ्टवर बसवलेल्या छोट्या दांडीकडं) बघा. हॉर्न पूर्ण फिरला पण चाकं अर्धीच वळली, तर सर्व्हो ठीक आहे. सर्व्हो सेव्हरची (झटका खाऊन सर्व्होला वाचवणाऱ्या भागाची) स्प्रिंग मऊ पडलीय किंवा बेल क्रँकच्या (वळण चाकांकडं नेणाऱ्या तरफेच्या) बुशात, बॉल एंडमध्ये (लिंकच्या टोकाच्या गोल सांध्यात) प्ले म्हणजे ढिलेपणा आलाय. अशा गाडीत वीस किलो ताकदीचा सर्व्हो घातला तरी ती सगळी ताकद स्प्रिंगमध्येच जिरते. सेव्हरवर नट असेल तर तो थोडा आवळून परत बघा. काही गाड्यांत सेव्हर हॉर्नमध्येच असतो, तिथं हॉर्नमधला शाफ्टचा स्क्रू किती फिरतो ते बघायचं. हॉर्नच अडखळला तर मात्र सर्व्होत दम नाही, किंवा त्याला पुरेशी वीज मिळत नाही.

मराठवाड्याच्या जमिनीवर सर्व्होला मार जरा जास्तच बसतो. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, पुढचं चाक भेगेत अडकलं की झटका थेट गिअरवर जातो. सोयाबीन निघाल्यावरची धसकटं आणि पऱ्हाटीचे खुंट तेच काम करतात. पावसाळ्यात तीच माती टायरला थापल्यासारखी चिकटते आणि चाक वळवायला दुप्पट जोर लागतो. म्हणून १/१० मापाच्या ट्रकला १५ ते २० किलो-सेंमीचा, धातूच्या गिअरचा सर्व्हो घ्यावा. प्लास्टिकचे गिअर इथं टिकत नाहीत.

किलो-सेंमीचा हिशोब सोपा आहे. १५ किलो-सेंमी म्हणजे शाफ्टपासून १ सेंमीवर १५ किलोचा जोर. लिंक (चाकांकडं जाणारी सळई) हॉर्नच्या २.५ सेंमीवरच्या भोकात लावली तर जोर ६ किलोच उरतो, १.५ सेंमीवर लावली तर १० किलो. आतल्या भोकात जोर वाढतो, पण चाकांचं वळणं कमी होतं. चाकं पूर्ण वळतील असं सगळ्यात आतलं भोक निवडा. वेग ६० अंशांना ०.१५ सेकंदाच्या आसपास असला तरी मातीत पुरतो.

रोबोटिक्सवाल्या पोरांकडं एमजी ९९६ आर हा सर्व्हो हमखास असतो. ६ व्होल्टला साधारण ११ किलो-सेंमी देतो, पण मध्यावर नीट परतत नाही आणि गाडी सरळ रस्त्यावर इकडं-तिकडं ओढते. गाडीसाठी तो घेऊ नका. डीएस ३२१८ त्याहून बरा, पण तो १८० आणि २७० अंश अशा दोन प्रकारांत मिळतो. २७० वाला त्याच सिग्नलला दीडपट फिरतो आणि लिंकेज (हॉर्नपासून चाकांपर्यंतची जोडणी) आपटत राहतं. मागवताना १८० अंशच बघून घ्या. स्प्लाइनचे म्हणजे शाफ्टच्या टोकावरचे दातेही मोजा, ते कंपनीप्रमाणे बदलतात: फुटाबा पद्धतीचा २५, हायटेकचा २४, जेआरचा २३. चुकीचा हॉर्न दाबून बसवला की दाते सोलले जातात. जुन्या सर्व्होला पाच वायरी असतील तर त्याचं कंट्रोल सर्किट रिसीव्हरच्या (रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या भागाच्या) बोर्डावर आहे. तिथं तीन वायरींचा सर्व्हो चालणार नाही, तो बोर्ड काढून आधी रिसीव्हर आणि ईएससी (गाडीच्या मोटरचा वेग सांभाळणारा भाग) वेगवेगळे बसवावे लागतात.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते विजेकडं. सर्व्होला वीज ईएससीमधल्या बीईसीतून (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणाऱ्या सर्किटातून) मिळते. मोठा सर्व्हो अडला की दोन-अडीच अँपिअर सहज ओढतो, आणि स्वस्त ईएससीचा बीईसी तेवढं देऊ शकत नाही. व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि गाडी नेमकी वळणावर ताबा सोडते. लोक रेडिओला म्हणजे रिमोटला दोष देतात. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलवर मल्टिमीटर लावा, चाकं हातानं धरून स्टिअरिंग फिरवा. ६ व्होल्टचा आकडा ५ च्या खाली आला तर बीईसी कमी पडतोय. मीटर हळू असतो, खरी घसरण आकड्यापेक्षा जास्तच असते.

उपाय म्हणजे ६ व्होल्ट, ५ अँपिअरचा वेगळा स्विचिंग बीईसी. तो बॅटरीच्या वायरींना जोडून रिसीव्हरच्या बॅटरी पोर्टमध्ये लावायचा. त्याच वेळी ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढून टेप गुंडाळून ठेवायची, नाहीतर दोन बीईसी एकमेकांशी भांडतात. ७.४ व्होल्टवर चालवायचं असेल तर सर्व्होसोबत रिसीव्हरची मर्यादाही बघा: फ्लायस्काय कंपनीचा जीआर३ई रिसीव्हर फक्त ६.५ व्होल्टपर्यंत आहे. सर्व्हो थेट टू-एस (दोन सेलच्या) लिपो बॅटरीवर लावायचा तर त्यावर ८.४ व्होल्ट लिहिलेलं हवं, कारण पूर्ण चार्ज बॅटरी तेवढी असते.

बसवताना हॉर्न न लावता सर्व्हो रिसीव्हरच्या चॅनेल १ ला जोडा. काळी किंवा तपकिरी वायर निगेटिव्ह, लाल मधली, पांढरी किंवा केशरी सिग्नलची. रिमोटवरचे ट्रिम आणि सब-ट्रिम (मध्य जुळवायची सेटिंग) शून्यावर आणा, सर्व्हो मध्यावर आला की मगच हॉर्न लिंकशी काटकोनात बसवा. एका दात्याचा फरक उरला तर तेवढाच सब-ट्रिमनं काढा. नव्या सर्व्होचा शाफ्ट मिलिमीटरभर वर-खाली असेल तर सर्व्होच्या कानांखाली (स्क्रू बसतात त्या पट्ट्यांखाली) वॉशर घालून लिंक सरळ करा. सर्व्हो धरणारा प्लास्टिकचा ब्रॅकेट वाकत असेल तर वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये जुना ब्रॅकेट नमुन्याला नेऊन ३ मिमी ॲल्युमिनियमचा करून घ्या. एकदाच करायचं काम आहे. हॉर्नच्या स्क्रूला निळा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव) फक्त धातूत धातू असेल तेव्हाच लावा, तो प्लास्टिकला तडे पाडतो. सेव्हर काढून ॲल्युमिनियमचा आखूड हॉर्न थेट बसवायचा मोह धसकटाच्या जमिनीवर टाळा. झटका खाणारी स्प्रिंग गेली की पुढचा बळी गिअरचाच.

शेवटी एंड पॉइंट, म्हणजे सर्व्होनं दोन्ही बाजूला किती फिरावं याची रिमोटवरची मर्यादा. दोन्ही बाजूला चाक अडायच्या किंचित आधी सर्व्हो थांबला पाहिजे. टोकाला गेल्यावर घुंईऽऽ आवाज येत राहिला तर तो अडून वीज खातोय, एंड पॉइंट पाच-पाच टक्क्यांनी कमी करत आवाज बंद करा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, तेव्हा असा अडलेला सर्व्हो मोटर जाळून घेतो. एक बॅटरी संपल्यावर सर्व्होला हात लावा, चटका बसला तर एंड पॉइंट आणि लिंकेज दोन्ही परत बघा.

फुफाट्यातून आणल्यावर शाफ्टभोवतीची धूळ ब्रशनं झाडा, हवेच्या जोरानं आत ढकलू नका. शाफ्टच्या ओ-रिंगला (रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरतो. गिअरचा आवाज खरखरीत झाला तर सर्व्होच्या केसचे चार स्क्रू काढून जुनं मातीमिश्रित ग्रीस पुसा आणि नवं भरा. उघडण्याआधी गिअरचा फोटो काढून ठेवा.