कॅटलॉगमधला बर्फ

शनिवारी रात्री साडेनऊला अण्णांचा फोन आला. "मिस्त्री, मशीन नुसतं घरघर करायलंय, बर्फ काय पडंना झालाय. चाळीस गिऱ्हाईक बसलंय की ओ इथं!"

मे महिन्याचा दुसरा आठवडा. सोलापुरात होटगी रोडच्या बाजूला अण्णांचं परमिट रूम आहे, शेजारी फॅमिली रेस्टॉरंट. आणि ते आइस मशीन फेब्रुवारीत मीच निवडून दिलेलं. दुसऱ्याचं मशीन बिघडलं की मिस्त्रीच्या तोंडाला धार येते. स्वतः पसंत केलेलं बिघडलं की रात्रभर झोप नाही.

अण्णांकडे आधी कारखान्यातली लादी यायची. गोणपाटात गुंडाळलेली, मग पोऱ्या टोच्याने फोडणार आणि तेच तुकडे ग्लासात. 2018 मध्ये नियम आला, खाण्याचा नसलेला बर्फ निळा रंगवून विकायचा. तेव्हापासून गिऱ्हाईकही ग्लास दिव्याकडे धरून बघायला लागलं. शेवटी अण्णा म्हणाले, "आपलंच मशीन घेऊ, एकदाच काय ते बघून सांग."

मी हिशेब केला तो असा. बाहेरच्या देशातली मंडळी बारमध्ये माणशी साधारण सव्वा ते दीड किलो आणि जेवायला बसणाऱ्यामागे सातशे ग्रॅम बर्फ धरतात. बारच्या चाळीस खुर्च्या, फॅमिलीत सत्तरेक पानं, म्हणजे शंभर-एकशेदहा किलो. कॅटलॉगमध्ये 120 किलोचं मशीन दिसलं. सांगून टाकलं. जोडणी केली त्या सकाळी दर बावीस मिनिटांनी 1.6 किलोचा घाणा, म्हणजे एका वेळचा बर्फ, पडत होता, दिवसाला 104 किलोच्या आसपास. तेव्हाच माझे कान उभे राहायला हवे होते. नवीन मशीन आहे, बसेल लायनीवर, म्हणून सोडून दिलं.

रविवारी दुपारी दोनला गेलो. बाहेर 43 च्या घरात. अण्णांनी चहा विचारला नाही, यावरून काय ते समजलो.

आधी गॅस तपासला, तो ठीक. फॅन फिरत होता. मग वाण्याकडचा वजनकाटा मागवला आणि मशीनसमोर स्टूल टाकून बसलो. घाणा पडला की घड्याळ बघायचं, बर्फ काढून तोलायचा. एक, दोन, तीन. प्रत्येकाला छत्तीस मिनिटं. वजन तेच, 1.6. चोवीस तासांत चाळीस घाणे, म्हणजे 64 किलो. मशीन बिघडलेलंच नव्हतं. ते आपल्या परीने मरमर काम करत होतं.

थर्मामीटर आधी मशीनच्या जाळीपाशी धरला: 46. मशीन ठेवलं होतं पॅन्ट्रीत, आणि पॅन्ट्रीच्या भिंतीपलीकडे तंदूर. जागा अण्णांनी दाखवली होती, पण मान मी हलवली होती. जाळीवर तेलाचा आणि पिठाचा थर, बोट फिरवलं तर काजळासारखा निघाला. मग गच्चीवर चढलो. काळी टाकी, उन्हात उघडी. पाणी 39 अंश.

खाली येऊन कॅटलॉग पुन्हा उघडला. 120 च्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: हवा 21 अंश, पाणी 10 अंश. सोलापुरात नळाला 10 अंशाचं पाणी कुणी बघितलंय? एक किलो पाणी 10 वरून शून्यावर आणायला 10 किलोकॅलरी काढाव्या लागतात, त्याचा बर्फ करायला आणखी 80. झाले 90. आमच्या गच्चीवरच्या पाण्याला 39 अधिक 80, म्हणजे 119. जवळजवळ एक तृतीयांश काम पाण्यानेच वाढवलं. वर ती उष्णता कंडेन्सरने, म्हणजे जाळीमागच्या नळ्यांनी, टाकायची कुठे, तर 46 अंशाच्या हवेत.

मी आकडे बिलाच्या मागे लिहून अण्णांना दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे फेब्रुवारीत का नाही सांगितलास?"

उत्तर नव्हतं. म्हणालो, "चुकलं माझं."

तेवढ्यात अण्णांचा भाचा आला. त्याने एका विक्रेत्याला फोन लावून ठेवला होता. विक्रेता म्हणत होता वॉटर कूल्ड घ्या, उन्हाचा त्रासच नाही. गोष्ट खरी आहे. हवेऐवजी पाण्याने कंडेन्सर गार केला की तंदूर शेजारी असला तरी फरक पडत नाही. पण ते पाणी एका किलो बर्फामागे दहा लिटर तरी सरळ गटारात जातं. इथं उजनी धरणाचं पाणी काही दिवसांआड नळाला येतं, टँकर मागवून अण्णांची भांडी घासली जातात. मी भाच्याला एवढंच विचारलं, "टँकर कोण सांगणार?" अण्णांनी त्याला तेलुगूत काहीतरी सुनावलं आणि फोन बंद झाला.

दुसरा घोटाळा बिनचा, म्हणजे पडलेला बर्फ साठतो त्या पेटीचा. अण्णांची समजूत होती की 120 किलोचं मशीन म्हणजे गिऱ्हाईक येईल तसा बर्फ येणार. अहो, मशीन ताशी पाच किलो देणार असेल तर रात्री आठला पण पाचच देणार. बारचा निम्म्याहून जास्त बर्फ आठ ते अकरात उडतो. रात्री हवा उतरते तेव्हा पाडून ठेवायचा आणि संध्याकाळी खायचा, म्हणून बिन मोठा लागतो. मी दिलेला बिन 40 किलोचा. ज्या रात्री बर्फ उरायचा त्या रात्री पहाटे तीनलाच भरायचा आणि मशीन आपोआप बंद, सकाळी अकरापर्यंत गप्प. गार वेळेतले आठ तास फुकट! हे मला त्या दिवशी पोऱ्याने सांगितलं. "रात्री बंदच असतंय ओ ते." तीन महिने त्याला माहीत होतं, विचारलं कुणी नव्हतं.

झाकण काढलं तर आतल्या पत्र्यावर पांढरी पुटं. आठवड्यातले दोन दिवस बोअरचं पाणी जात होतं. क्षार धरला की बर्फ पत्रा सोडत नाही. पोऱ्याने मध्ये एकदा संडासाचं ॲसिड लावून घासलेलं, एका कोपऱ्यात निकेलचा मुलामा उडून तांबं दिसत होतं. ओरडणार होतो, पण साफ करायचं औषध कोणतं ते मीही लिहून दिलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत चौघांनी उचलून मशीन मागच्या उत्तरेकडच्या स्टोअरमध्ये नेलं, मागे हातभर जागा सोडून. जाळी धुतली. टाकीवर सावलीला पत्रा आणि भोवती भिजवलेली गोणपाटं. आरओचं पाणी तळघरातल्या टाकीतून द्यायचं ठरलं. शेवटचा घाणा सव्वीस मिनिटांत पडला. 88 किलोच्या हिशेबाने. जुन्या बिनचे पैसे मी घेणार नाही म्हणालो, नवीन 100 किलोचा मागवला. अण्णा "बरं" म्हणाले, आणि आता चहा आला.

तरी लग्नसराईतल्या शनिवारी 88 पुरणार नव्हते, हे दोघांनाही कळत होतं. बिअरच्या टबात टाकायला अजून काहीतरी लागणारच.

सहा वाजता दाराशी हातगाडी थांबली. अण्णांनी दुपारीच निरोप धाडला होता. बर्फवाल्याने अर्धी लादी खांद्यावरून उतरवली, स्टोअरमध्ये डोकावून स्टीलचं ते धूड बघितलं आणि मला विचारलं, "मशीन आणलंय म्हणं?"