‘लागला नाही, परत ठेवा’

गुढीपाडवा झाला की आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या टोळ्या परततात आणि मी बसतो त्या सेवा केंद्रावर गर्दी होते. यंदा त्या गर्दीत साठीच्या एक मावशी पासबुक उघडं धरून उभ्या होत्या. “बघ रं बाळा, हे पैसे मी काढलेले न्हाईत.”

शाखेतून छापून आणलेल्या पानावर जानेवारीतल्या एकाच तारखेला दोन नोंदी होत्या, ३,००० आणि २,५०० रुपयांच्या. दोन्हींपुढे एईपीएस आणि १२ आकडी आरआरएन, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक. त्या तारखेला मावशी परजिल्ह्यात उसाच्या फडात होत्या.

एईपीएस म्हणजे आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर होणारा व्यवहार. पिन नाही, ओटीपी नाही, आणि एका वेळी १०,००० पर्यंत रक्कम निघते. ही सोय वाईट म्हणणारा मी नाही. ती नसती तर निराधारच्या पगारासाठी म्हाताऱ्या माणसांना तालुक्याला जाऊन अख्खा दिवस मोडावा लागला असता.

खोदून विचारल्यावर उलगडा झाला. फडाजवळच्या कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांवर, एक पोरगा मशीन घेऊन आला होता, कामगारांचं कार्ड काढून देतो म्हणत. मावशींनी तीनदा अंगठा ठेवला आणि दर वेळी तो म्हणाला, ‘लागला नाही, परत ठेवा.’ कार्ड काही आलं नाही. आणि मावशींना शंका तरी का यावी? कोयत्याने रेषा झिजलेल्या, कापूस वेचून बोटांची टोकं चिरलेली; रेशन दुकानात अंगठा न लागणं त्यांच्या रोजच्या सवयीचं. आम्हीसुद्धा काच पुसतो, बोट ओल्या फडक्याने पुसायला सांगतो, अंगठा नाही तर अनामिका लावून बघतो. ‘परत ठेवा’ हे वाक्य आमच्या तोंडी दिवसातून शंभरदा येतं.

पुरावा हवा होता. आधारच्या संकेतस्थळावर गेल्या ६ महिन्यांतल्या वापराच्या नोंदी दिसतात, एका वेळी ५० पर्यंत. पण त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, आणि तो नंबर मुलाचा. मुलाला फोन लावला तर म्हणतो, “तुम्हीच सांगितलं होतं ना, ओटीपी कुणालाच सांगायचा नाही?” बरोबरच होतं त्याचं. अर्ध्या तासाने तो स्वतः मोटारसायकलवर आला.

नोंदी तीन निघाल्या. पहिली नापास, त्रुटी क्रमांक ३००, म्हणजे बोट खरंच जुळलं नव्हतं. दुसरी आणि तिसरी चार मिनिटांच्या अंतराने, दोन्ही यशस्वी. म्हणजे पोरगा पहिल्यांदा खरं बोलला होता. नोंदीत संस्थेचं नाव असतं. मशीन कुणाच्या हातात होतं आणि कुठल्या गावात, ते नसतं. ते आरआरएनवरून बँकेलाच शोधता येतं.

मग मेसेज का आला नाही? आधारला मुलाचा नंबर होता, पण बँकेत वेगळाच, कधीचा बंद पडलेला. हे दोन नंबर स्वतंत्र असतात, एक बदलला म्हणून दुसरा बदलत नाही. निम्म्या प्रकरणांचं मूळ मला इथेच सापडतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतला. शाखेसाठी अर्ज लिहिला. त्यात दोन्ही आरआरएन, नोंदींची छापील प्रत, आणि मेसेज मिळालाच नव्हता हे ठळक. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात तक्रारीसाठी कामकाजाचे जे ३ दिवस दिलेत ते बँकेची सूचना मिळाल्यापासून मोजायचे आहेत, म्हणून ते वाक्य महत्त्वाचं. तरी शाखेत ‘अंगठा तर तुमचाच आहे’ हे ऐकावं लागणार, हेही मावशींना सांगून ठेवलं.

तांत्रिक बाजू सुधारलीच नाही असं नाही. सिलिकॉनचे ठसे पकडायला जिवंत बोट ओळखणारी तपासणी आली, आणि नव्या एल-वन यंत्रात ठसा यंत्राच्या आतल्या सुरक्षित भागातच कुलूपबंद होतो. पण इथे बोट खरं होतं, बाईही खरी होती. खोटं होतं ते फक्त सांगणं, आणि ते कुठलंच यंत्र पकडत नाही.

संमतीचंही तसंच. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने संमती मोकळी, नेमकी आणि समजून दिलेली हवी म्हटलंय; सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही मिळायला हवी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. पण सूचना मराठीत आली तरी वाचणार कोण? पडदा आमच्याकडे तोंड करून असतो आणि संमतीच्या चौकोनात खूण आम्हीच करतो. चहाच्या टपरीवरचं डबडं दहा रुपये आले तरी मोठ्याने ओरडून सांगतं. अंगठ्याचं यंत्र मात्र मुकं. ‘तुमच्या खात्यातून तीन हजार निघत आहेत’ एवढं ते मराठीत बोललं असतं तर मावशींनी बोट उचललं असतं.

राहिला पुढचा बंदोबस्त. आधारच्या मोबाईल ॲपवर बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याचा वापर, लॉक करता येतो. मुलगा म्हणाला, लगेच करा. मावशींनी मात्र अडवलं: “मग रेशन?” लॉक लावलं की अंगठा सगळीकडेच बंद, बँकेला बंद आणि रेशनला चालू असं त्यात होत नाही. तात्पुरतं उघडता येतं, १० मिनिटांसाठी, पण त्याला मुलाचा फोन हवा आणि दुकानापाशी रेंज हवी. मी असतो तर मीही लावलं नसतं.

मधला मार्ग बँकेकडे होता. खात्यावरून अंगठ्याने पैसे काढणं बंद करावं असा दुसरा अर्ज लिहिला, नंबर बदलायचा तिसरा. आता पैशांसाठी मावशींना शाखेपर्यंत १४ किलोमीटर जावं लागणार. “जाईन की,” म्हणाल्या.

उठताना त्यांची नजर टेबलाखालच्या डब्याकडे गेली. मघाशी आधारची एक झेरॉक्स तिरकी आली होती, ती मी चुरगळून तिथे टाकली होती. मावशी वाकल्या, कागद उचलला, मांडीवर सपाट केला आणि पासबुकात घातला.