परसातली अबोली: गावठी बियाणे, दिल्ली अबोलीची छाटकलमे आणि मुळांवरच्या गाठी

पाऊस ओसरल्यापासून परसातल्या अबोलीच्या दोन्ही वाफ्यांनी जोर धरला आहे, म्हणून या वेळची नोंद जरा विस्ताराने लिहीत आहे. एका वाफ्यात बियांपासून वाढवलेली, फिकट केशरी फुलांची गावठी अबोली आहे, तर दुसऱ्यात गडद केशरी फुलांची दिल्ली अबोली. दिल्ली अबोलीत गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे तिला बी धरत नाही आणि तिची वाढ छाटकलमांवरच करावी लागते. निबर न झालेल्या फांदीचे वीतभर तुकडे, खालची पाने काढून, वाळू आणि शेणखताच्या मिश्रणात सावलीत लावले की मुळे फुटतात. मात्र माती सतत ओली ठेवली तर तुकडे बुडाशी काळे पडून कुजतात.

गावठी अबोलीच्या बियांची गंमत निराळी आहे. फुले गळून गेल्यावर कणीस झाडावरच वाळू द्यावे, तपकिरी झाले की खुडावे, पाण्याचा हबका मारून लगेच पातळ कापडाखाली झाकावे. ओल लागताच बोंडे तडतडून फुटतात आणि बिया कापडावर आपटतात. अडुळसा आणि कोरांटी यांच्या कुळातली ही वनस्पती असल्याने बोंड फुटून बी दूर उडवण्याची तऱ्हा तिच्यातही आहे. बियांवर बारीक झालरीसारखे खवले असतात, ते भिजले की चिकट होतात, म्हणून बिया हाताला लागण्यापूर्वी सुकवून घेणे सोयीचे पडते. पेरणी ताज्या बियांचीच करावी, कारण जुन्या बिया कमी उगवतात.

अबोली मूळची दक्षिण भारतातली आणि श्रीलंकेतली, त्यामुळे कोकणातली उष्ण, दमट हवा तिला मानवते आणि पाण्याचा निचरा करणारी जांभ्याची माती तर फारच मानवते. दुपारची तिरपी सावली मिळाली तर पाने टवटवीत राहतात, पण पूर्ण सावलीत फुले कमी येतात. खरा धोका जमिनीखाली आहे. झाड उगाच खुजे राहिले, पाने पिवळी पडली आणि पाणी असूनही दुपारी माना टाकू लागली, तर एखादे रोप उपटून मुळे धुऊन पाहावीत. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमींचा, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्यासारख्या किड्यांचा, प्रादुर्भाव झाला आहे असे समजावे. त्यांनी मुळांना केलेल्या जखमांतून मर रोगाची बुरशी आत शिरते आणि मग झाड हातचे जाते. म्हणूनच गावठी अबोलीचा वाफा तयार करताना तिथे आधी झेंडूचे पीक घेतले, कारण झेंडूच्या मुळांतली द्रव्ये सूत्रकृमींना मारक असतात, आणि लावणीच्या वेळी मातीत निंबोळी पेंड मिसळली. या वाफ्यात अजून एकही रोप कोमेजलेले नाही. दिल्ली अबोलीच्या वाफ्यात झेंडू घेतलेला नव्हता. तिथल्या एका कोपऱ्यातली दोन झाडे संशयास्पद दिसत असून त्यांची मुळे पुढच्या आठवड्यात तपासणार आहे.

फुलांविषयी. कणसावर फुले खालून वर, थराथराने उमलतात, त्यामुळे एकच कणीस कित्येक दिवस चालते. फूल एकाच बाजूला पसरते आणि त्याला लांब, बारीक नळी असते. त्या नळीलाच केळीच्या सोपाचा ओला धागा अडकवून वेणी गुंफतात. अबोलीला सुवास नाही, पण ती वजनाला हलकी असते, टिकते आणि मोगऱ्याच्या किंवा जुईच्या पांढऱ्या फुलांमध्ये तिचा केशरी रंग जसा खुलतो तसा दुसऱ्या कोणत्याही फुलाचा खुलत नाही, असे माझे ठाम मत आहे. तोडणी सकाळी लवकर, एक दिवसाआड करतो आणि संपलेली कणसे लगेच छाटतो. छाटल्यावर पानांच्या बेचक्यांतून नवी कणसे निघतात. बियांसाठी मात्र सर्वांत जोमदार तीन-चार झाडांवरची कणसे यंदा मुद्दाम राखून ठेवली आहेत.