सल्ल्याला लेखी उत्तर हवं

न्यायालयात मी ३१ वर्षं लघुलेखकाचं काम केलं. साक्षीदार काय म्हणाला हे त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण अपिलात उभं राहतं ते कागदावर आलेलं. आता आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत नागरिक सल्लागार मंडळ नेमायचं घाटतंय, आणि मसुदा करणाऱ्या पाच जणांत मी आहे. माझा सगळा हट्ट एका कलमावर आहे: मंडळाच्या प्रत्येक शिफारशीला ठाण्याने ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं. मान्य असेल तर कधीपासून, नसेल तर का नाही.

सहा वर्षं मी शांतता समितीवर होते. सणाच्या आठवडाभर आधी बोलावणं यायचं. मिरवणुकीचा मार्ग, आवाजाची मर्यादा, दोन-चार भाषणं, की संपलं. चौथ्या वर्षी मी शाळेमागच्या बोळाबद्दल बोलले. क्लासवरून परतणाऱ्या मुलींना तिथे त्रास होतो, संध्याकाळी सात ते नऊ गस्त हवी, एवढंच. साहेबांनी मन लावून ऐकलं आणि शेजारच्या अंमलदाराला म्हणाले, “बघून घ्या.” पुढच्या बैठकीपर्यंत त्यांची बदली झाली होती. मी पुन्हा तेच मांडलं. नव्या साहेबांनीही मन लावून ऐकलं. मागच्या बैठकीचं इतिवृत्त मागितलं, तर हजेरीच्या सह्यांखेरीज त्यात काही नव्हतं. दोघेही भले अधिकारी होते, म्हणून मला ते जास्त लागलं. त्या बोळातून मुली अजून घोळक्यानेच जातात.

आमच्या चर्चेत भिवंडीचं नाव वरचेवर निघतं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं ते शहर. पुढे तिथे पोलीस उपायुक्त असताना सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि डिसेंबर १९९२ ते जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. समित्यांमध्ये दोन्ही समाजांतली साधी माणसं होती, आणि तणाव नसतानाही ती पोलिसांसोबत बसायची. मला यातलं हे दुसरं फार मोलाचं वाटतं. अफवा उठली त्या रात्री कोणाला फोन करायचा हे आधीच ठाऊक असणं, ही ओळख आठवड्याभरात होत नाही. म्हणून मसुद्यात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बैठक लिहिली आहे, सण असो वा नसो.

सभासद कोण, यावर मात्र तीन बैठका गेल्या. पहिल्या यादीत डॉक्टर, वकील, संस्थाचालक, व्यापारी. सगळी चांगली माणसं, पण ठाण्याची पायरी त्यांना क्वचित चढावी लागते. रिक्षावाला, पहाटे घरकामाला निघणारी बाई, रात्रपाळीचा वॉचमन यांची पोलिसांशी रोज गाठ पडते. शेवटी निम्म्या जागा वस्त्यांमधून इच्छुकांच्या चिठ्ठ्या टाकून भरायच्या ठरल्या, आणि बैठकीची वेळ रात्री साडेआठची झाली, म्हणजे कुणाचा रोज बुडणार नाही. नगरसेवकांना बसता येईल, मत देता येणार नाही. आमच्यातल्या एकाला हे अजून पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, लोक अडचण आधी नगरसेवकालाच सांगतात. तेही खरंच आहे.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे लिहून घेतली: चालू तपासात मंडळाने पडायचं नाही. कुणाला अटक करा, कुणाला सोडा, हे आपलं काम नव्हे. पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची वाटही वेगळी आहे. पोलीस सुधारणांसाठीच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य आणि विभाग पातळीवर त्यांची तरतूद केली. मारहाण झालेल्या माणसाला आमच्या मंडळापुढे ताटकळत ठेवणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय होईल.

आम्ही मागणार आहोत ते आकडे, नावं वगळून. कोणत्या बीटमध्ये, म्हणजे हद्दीतल्या गस्तीच्या भागात, किती अदखलपात्र नोंदी झाल्या, ११२ वर फोन आल्यावर गाडी किती मिनिटांत पोचली. ठाण्यातले किती कॅमेरे चालू आहेत हेही. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रण १८ महिने टिकवण्याचा आदेश दिला आहे, तेव्हा हा प्रश्न आगाऊपणाचा मुळीच नाही.

गेल्या आठवड्यात मसुद्याची प्रत द्यायला ठाण्यात गेले होते. टेबलावरच्या महिला अंमलदाराने प्रत घेतली, दोन पानं उभ्याउभ्या वाचली. मग हळूच म्हणाली, “काकू, यात आमचं पण लिहून घ्याल का? बंदोबस्ताला बारा-बारा तास उभं राहतो, जवळपास बायकांसाठी स्वच्छतागृह नसतं. पाणीच पीत नाही आम्ही.”

इतक्या वर्षांत हे मला कधी सुचलं नव्हतं. प्रत परत मागितली, तिथेच बाकावर बसून अकरावं कलम लिहिलं: बीटवरच्या कर्मचाऱ्यांचं म्हणणं दर तीन महिन्यांनी मंडळ ऐकेल, आणि त्याचंही उत्तर ३० दिवसांत, लेखी. तिला वाचून दाखवलं. तिने “बारा-बारा तास” हे शब्द घालायला सांगितले, तेही घातले.